गुरुवारची मीटिंग कोणाच्या घड्याळाने

आमच्या ऑफिसात आत्यांना सगळेच आत्या म्हणतात. त्यांच्याहून वयाने मोठा असलेला वॉचमनसुद्धा. ही सवय लावली त्यांच्या भाचीने. सख्ख्या भावाची मुलगी. शिकाऊ म्हणून काही महिने आमच्याकडे होती, आणि कुठे काही अडलं की हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी "आत्याऽ" म्हणून हाक मारायची. भाची परत आपल्या घरी गेली, दूरच्या देशात. हाक इथेच राहिली. आता पगाराच्या कागदावर त्यांचं खरं नाव वाचलं की क्षणभर मला कळत नाही, ही बाई कोण. आणि मी हिशेबखात्यात आहे, तो कागद मीच काढते.

आमची कंपनी लिफ्टच्या देखभालीची. आमच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट वरचेवर बंद असते, आणि त्यावर विनोद केलेला साहेबांना आवडत नाही, म्हणून मी तो रोज करते. कामाचा पसारा मात्र मोठा. सुटे भाग बनवणारा कारखाना एका देशात, रात्रीच्या तक्रारींचे फोन घेणारी मंडळी दुसऱ्या देशात, आणि आम्ही तिसऱ्यात. त्यामुळे मीटिंगा फार. कोण कधी कोणाशी बोलणार ते सगळं कॉम्प्युटरमधल्या कॅलेंडरवर, आणि त्या कॅलेंडरची राखण आत्यांकडे.

राखण लागते, कारण आमच्याकडे वर्षातून दोनदा घड्याळं हलवतात. उन्हाळा आला की एक तास पुढे, हिवाळा आला की एक तास मागे. म्हणे उजेड वाचतो. वाचवलेला उजेड कुठे साठवून ठेवलाय तो मला आजवर कोणी दाखवलेला नाही. बरं, सगळ्या जगाने एकदम हलवावीत तर तेही नाही. कारखान्यावाले वेगळ्याच आठवड्यात हलवतात, फोनवाल्यांच्या देशात हलवतच नाहीत. कॅलेंडर बिचारं मधल्या मधे गोंधळतं आणि माणसं रिकाम्या खोलीत जाऊन बसतात.

कॅलेंडर नवीन आलं त्या वर्षी तर कहरच झाला. घड्याळं हलायच्या आदल्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना निरोप पाठवला की आपापल्या मीटिंगा एक तासाने सरकवून घ्या. आम्ही आज्ञाधारक. सगळ्यांनी सरकवल्या. कॉम्प्युटरलाही तेच काम सांगून ठेवलेलं होतं. त्यानेही रातोरात सरकवल्या. एका भाजीत दोघींनी मीठ घालावं तसं झालं. सोमवारी कारखान्याचे लोक आमची वाट बघून उठून गेले, मग आम्ही त्यांची वाट बघत बसलो, आणि साहेब भिंतीवरच्या पडद्यासमोर एकटेच प्रस्तावना करत होते.

आत्या तेव्हा फोनच्या बोर्डावर होत्या. दिवसभर जगभरातून एकच विचारणा त्यांच्या कानात आदळत होती, की तुमची माणसं आहेत कुठे. संध्याकाळी त्या चहाचा कप घेऊन उठल्या, एकेकाच्या टेबलाशी गेल्या, आणि दोन दिवसांत सगळं सरळ करून ठेवलं. ऑफिसात एकदा भांडी घासून दाखवली की ती कायमची आपली होतात. तेव्हापासून हे काम त्यांच्या गळ्यात पडलं, ते पडलंच.

त्यांची पद्धत साधी होती. घड्याळ हलायच्या आधीच्या आठवड्यात कप घेऊन फेरी मारायची आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, की ही मीटिंग कोणाच्या घड्याळाने. कारण दोन देशांमधलं अंतर तासाभराने बदललं की मीटिंग कोणाला तरी सरकणारच. कोणाला सरकायची एवढंच ठरवायचं असतं. सॉफ्टवेअरला ते कळत नाही. ज्याने मीटिंग पहिल्यांदा टाकली त्याचं घड्याळ ते धरून बसतं. आत्यांचा नियम वेगळा होता. ज्याला हलता येत नाही, त्याच्या घड्याळाने.

या नियमापुढे हुद्दा चालत नसे. स्टोअरकीपर आमचा मोठा तापट माणूस, पण कारखान्याचं गोदाम चारला बंद होतं म्हटल्यावर त्याची मीटिंग कारखान्याच्या घड्याळाने, मग त्याचं जेवण पुढे गेलं तरी बेहत्तर. प्रशिक्षण देणारी मुलगी पाळणाघरातून बाळ आणायला पळायची. तिची मीटिंग आमच्या घड्याळाने, पलीकडच्यांनी चहा जरा उशिरा घ्यावा. विक्रीवाले तरुण दर वेळी "माझ्या घड्याळाने, आत्या" म्हणायचे, आणि आत्या दर वेळी सांगायच्या की तू तरुण आहेस, तुला हलायला काय झालं. मीही एकदा सोमवार सकाळची ऑडिटची मीटिंग जरा पुढे सरकून जाऊ दे म्हणून लाडीगोडी लावून पाहिली. तुझ्या झोपेखेरीज आणखी कोणाचं काय अडतंय, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंही नाही, हे जास्त लागलं.

आता दादांविषयी सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यापाशी येतं.

दादा म्हणजे आत्यांचे थोरले भाऊ, भाचीचे वडील. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादांनीच आत्यांना वाढवलं. वेणीसुद्धा तेच घालायचे, आणि ती शाळेत पोचेपर्यंत सुटायची, असं आत्या सांगतात. दादांना अर्धांगाचा झटका आला, म्हणूनच भाची इथलं शिक्षण अर्धवट टाकून परत गेली. उजवा हात गेला, बोलणं गेलं, आणि आठवणींचंही बरंच विस्कटलं. उरले ते थोडे शब्द, आणि वेळेचं भान. भिंतीवरचं घड्याळ त्यांना बरोबर कळतं. दुपारची झोप झाली की ते चारच्या सुमारास ताजेतवाने असतात, पाचला अगदी माणसात असतात, आणि साडेपाचला गोळी घेतली की पुन्हा गुंगीत जातात. भाची एका दवाखान्यात कामाला. तिची सुट्टी गुरुवारी. म्हणजे आठवड्यातून एकदा, गुरुवारी, त्यांच्याकडचे पाच ते साडेपाच, एवढाच वेळ आत्यांना भाऊ भेटत होता.

त्यांच्याकडे घड्याळं हलत नाहीत. उन्हाळ्यात त्यांचे पाच म्हणजे आमचा दुपारचा एक, नेमकी जेवणाची सुट्टी. आत्या लिफ्टशेजारच्या काचेच्या खोलीत डबा घेऊन बसायच्या आणि फोन लावायच्या. पण हिवाळ्यात तेच पाच आमच्याकडे बाराला वाजतात.

भाची परत गेल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आत्या चुकल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. अख्ख्या कंपनीची घड्याळं सरळ करण्याच्या धांदलीत स्वतःचं राहून गेलं, आणि त्या गुरुवारी त्यांनी नेहमीसारखा एकला फोन लावला. तिकडे सहा वाजलेले. भाचीने सांगितलं की बाबा केस विंचरून पाचला टॅबलेटसमोर बसले होते, घड्याळाकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत राहिले, मग "विसरली" एवढं म्हणाले आणि झोपले. पुढच्या गुरुवारी त्यांनी टॅबलेटकडे पाठ केली. त्यांना पुन्हा समोर बसवायला महिना गेला. आत्यांनी हे मला सांगितलं तेव्हा त्या रडल्या नाहीत, पण हातातला चहा गार होईपर्यंत धरून बसल्या होत्या.

तर बाराला फोन करायचा, पण गुरुवारी बाराला आमच्या ऑफिसची मीटिंग. साहेबांची. पूर्ण तासाची. ती चुकवायची सोय आत्यांना नव्हती, कारण पुढच्या आठवड्यात कुठली लिफ्ट कोण तपासणार त्याचं वेळापत्रक शेवटी त्यांनाच वाचून दाखवावं लागे. आणि साहेबांचं बोलणं. माणूस मनाने चांगला, पण एकदा सुरू झाला की लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकल्यासारखं होतं, वरही जात नाही आणि खालीही येत नाही. एक गुरुवारची मीटिंग तेवढी ते वेळेवर संपवायचे. त्याचं श्रेय मी त्यांच्या भुकेला देत असे.

त्याच हिवाळ्यापासून एक चमत्कार सुरू झाला. घड्याळं हलली की बाकी सगळं कॅलेंडर चोख, आणि गुरुवारची मीटिंग मात्र बाराऐवजी अकराला दिसायची. कोणी विचारलं तर आत्या म्हणायच्या, काय माहीत काय झालंय हिला, बघते हं. त्या बघेबघेपर्यंत उन्हाळा यायचा आणि मीटिंग आपोआप पुन्हा बाराला जायची. दर वर्षी तेच. तीन देशांचं कॅलेंडर दोन दिवसांत उलगडणाऱ्या बाईला एक मीटिंग सरळ करता येईना, हे कोणाला पटावं? मला तर पहिल्याच वर्षी कळलं. मी गप्प बसले. मी तोंडाची फटकळ, माझ्या पोटात काही राहत नाही अशी माझी ख्याती. पण हे मी इतकी वर्षं पोटात ठेवलं आणि त्याचा मला मनातून भारी अभिमान होता.

मग मुख्य कचेरीने नवं सॉफ्टवेअर पाठवलं. त्यात प्रत्येक मीटिंगला गाव जोडायचं. त्या गावचं घड्याळ हलेल तशी मीटिंग हलणार, आणि गाव नाही जोडलं तर आपल्याच ऑफिसचं घड्याळ धरलं जाणार. झकास सोय. पण सोबत दुसरी अट आली. यापुढे ज्याची मीटिंग त्यानेच ती हलवायची, दुसऱ्याच्या मीटिंगला कोणाचा हात लागणार नाही. आत्यांचाही नाही.

गुरुवारची मीटिंग साहेबांची होती. म्हणजे येत्या हिवाळ्यात ती मुकाट बाराला बसणार आणि तिकडे दादा केस विंचरून वाट बघणार.

मी विचारलं, आता गुरुवारचं काय. आत्या म्हणाल्या, बघू. त्यांनी भाचीकरवी डॉक्टरांना विचारून पाहिलं की गोळी तासभर उशिरा चालेल का. डॉक्टर नाही म्हणाले. मी म्हटलं, मग साहेबांना सरळ सांगा की. त्यावर त्या जे बोलल्या ते मी विसरणार नाही.

"अगं, सगळ्यांना मी नियम शिकवले. तुझी सोमवारची मीटिंग हलवली नाही. आणि स्वतःसाठी इतकी वर्षं चोरून हलवली. आता मागायला जायचं म्हणजे आधी ते कबूल करायला हवं. कोणत्या तोंडाने जाऊ?"

मी म्हटलं, तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते. तर त्यांनी मला शपथ घातली. म्हणाल्या, दादाला हळूहळू सवय होईल. त्यांच्या आवाजावरून कळत होतं की सवय होणार नाही हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. मला त्यांचा असा राग आला की जेवताना मी मुद्दाम पाठमोरी बसले.

घड्याळं हलायच्या आधीच्या शुक्रवारी आत्या नेहमीसारख्या फेरीला निघाल्या. नवं सॉफ्टवेअर असलं तरी निरोप कोणी वाचत नाही, तेव्हा गावं भरून घ्यायला टेबलाटेबलाशी जावंच लागलं. मी कामं सोडून त्यांच्यामागे गेले. का, ते मलाही सांगता येणार नाही. आजारी माणसासोबत दवाखान्यात जातात तसं काहीसं. स्टोअरकीपरने कारखान्याचं गाव भरलं. पाळणाघरवालीने आमचं भरलं. विक्रीवाल्याने "माझं" म्हणून पाहिलं, पण त्या दिवशी आत्यांनी त्याला टोलासुद्धा लगावला नाही, तेव्हा तो बिचारा स्वतःच वरमला.

शेवटी साहेबांची केबिन. स्टोअरकीपर सही घ्यायला तिथे येऊन उभाच होता. साहेबांच्या चार-पाच मीटिंगा भराभर झाल्या. गुरुवारची आली तशी आत्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि कॉम्प्युटरकडे बघतच विचारलं, "आणि ही? ही कोणाच्या घड्याळाने लावता? आपल्याच ना?"

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली, गावांची यादी उघडली आणि बोट फिरवत खाली खाली जायला लागले. लांबलचक यादी. मला वाटलं, यांना आपलं गाव सापडत नाही. मी ते कुठे आहे ते दाखवणार, इतक्यात त्यांचं बोट थांबलं. त्यांनी निवडलेल्या गावात आमच्या कंपनीचं एकही माणूस नव्हतं. मग वेळेच्या चौकटीत त्यांनी दुपारचे चार भरले.

"तुमच्या दादांच्या," साहेब म्हणाले. "तिकडच्या चारला सुरू, पाचला संपली पाहिजे. नियम तुमचाच आहे, आत्या. ज्याला हलता येत नाही, त्याच्या घड्याळाने."

साहेब पुढे सांगू लागले, आणि या खेपेला ते लवकर थांबले. दुसऱ्याच हिवाळ्यात त्यांनी म्हणे कागदावर मांडून पाहिलं होतं. गुरुवारची मीटिंग आमच्याकडे कधी अकरा, कधी बारा अशी उड्या मारते, पण कुठल्याशा गावी ती बारा महिने चारलाच असते. भाची कुठे गेली ते त्यांना माहीत होतं, कारण तिला जायची परवानगी त्यांनीच दिली होती. तेव्हापासून ते गुरुवारी एका डोळ्याने घड्याळाकडे बघत बोलायचे.

म्हणजे ती भूक नव्हती. मी इतकी वर्षं त्या माणसाच्या पोटावर विनोद केले होते.

"आम्हाला काय कळत नव्हतं होय?" स्टोअरकीपर नेहमीच्या तापट आवाजात म्हणाला. "अख्ख्या मजल्याला माहीत आहे. वॉचमनलाही."

खरं सांगते, आधी मला रागच आला. ज्या गुपितासाठी मी माझी जीभ इतकी वर्षं दातांखाली धरली, ते सगळ्यांकडे होतं, आणि प्रत्येकजण माझ्यासारखाच आपण एकटेच थोर म्हणून फिरत होता. मग आत्यांकडे लक्ष गेलं. त्यांनी टेबलाची कड धरली होती, आणि डोळ्यांतलं पाणी चष्म्याखालून गालावर आलं होतं तरी पुसायला हात उचलत नव्हत्या. मी पुढे होऊन त्यांना धरलं. "मी चोरून केलं, साहेब," त्या म्हणाल्या. साहेब म्हणाले की आता चोरून करायचं नाही, आता ते कॅलेंडरवर आहे. आणि घाईघाईने स्टोअरकीपरचे कागद ओढून नको तिथे सही केली. ते कागद नंतर मला पुन्हा काढावे लागले.

पुढच्या गुरुवारी मीटिंग अकराला सुरू झाली. नेमका त्या दिवशी साहेबांना एका इमारतीतल्या तुटलेल्या दोराचा विषय मिळाला आणि ते रंगात आले. बारा वाजायला आले तशी स्टोअरकीपरने वही मिटली. पाळणाघरवालीने मिटली, विक्रीवाल्याने मिटली, मीही मिटली. साहेब वाक्याच्या मधेच थांबले, बाकीचं पुढच्या गुरुवारी म्हणाले, आणि आत्यांनी वेळापत्रक इतक्या भरभर वाचलं की कुठली लिफ्ट कोणाकडे ते कोणालाच कळलं नाही. कोणी विचारलंही नाही.

आत्या काचेच्या खोलीत गेल्या. त्या खोलीचं दार नीट लागत नाही, आणि माझं टेबल तिच्या समोरच आहे. लिफ्ट बंद असल्यामुळे शांतताही होती. फोन लागला. पडद्यावर आधी भाची दिसली, मग ती बाजूला झाली आणि दादा दिसले. पांढरे केस, पाणी लावून विंचरलेले. त्यांनी आधी आत्यांकडे बघितलंच नाही. मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा घड्याळाकडे.

"पाच," दादा म्हणाले. मग शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडे डावा हात हलवून, एकेक अक्षर शोधत, तिला समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "विसरत नाही ती."

"नाही रे दादा," आत्या म्हणाल्या.

मी माझा डबा उघडला, आणि काचेच्या खोलीकडे पाठ करून जेवायला बसले.